आईच्या बायोप्सीचा ब्लॉक जपा, आणि रिपोर्ट येईपर्यंत ती गोळी देऊ नका

पत्र (थोडं छोटं केलंय, गावाचं नाव काढलंय):

"मॅडम नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. आई ५८ वर्षांची, आयुष्यात कधी विडी-सिगरेट नाही, चुलीवरचा स्वयंपाक मात्र लग्न झाल्यापासून केला. खोकला जाईना म्हणून तीन महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, वजन उतरतच गेलं, मग सीटी काढला तर उजव्या फुफ्फुसात गाठ आणि छातीत पाणी. पाणी दोनदा काढलं. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलं, पेट स्कॅन बघून चौथी स्टेज म्हणाले. डॉक्टर म्हणतात गाठीची एनजीएस टेस्ट करा, तीस हजार लागतील, रिपोर्टला दोन-तीन आठवडे. मामा म्हणतात हा पैसे काढायचा धंदा आहे, लगेच केमो सुरू करा. ओळखीतल्या एका बाईंना हाच कॅन्सर होता, त्यांच्या घरी जेफिटिनिबच्या गोळ्या शिल्लक आहेत, त्या द्यायला तयार आहेत, बाईंना दोन वर्षं छान गेली म्हणे. त्यात काल लॅबचा फोन आला की सॅम्पल कमी पडतंय, परत बायोप्सी करावी लागेल. आईला कॅन्सर आहे हे अजून सांगितलेलं नाही, छातीत पाणी झालंय एवढंच माहितीये. बहिणीचं लग्न ठरतंय, तिला वाटतं जीनची टेस्ट केली की आजार आमच्यातही आहे असं निघेल आणि स्थळ हातचं जाईल. काय करू?"

दादा, आधी त्या गोळ्यांचं बोलते, कारण बाकी सगळ्या गोष्टींना दोन-चार दिवस मिळतील पण स्ट्रिप घरात येऊन पडली असेल तर घरातलंच कोणीतरी मायेपोटी आज रात्री आईला एक गोळी देऊन मोकळं होईल. देऊ नका. त्या बाईंना गुण आला हे मी शंभर टक्के खरं मानते, दोन वर्षं काय, काहींना त्याहून जास्त मिळतात. पण त्यांना गुण आला तो बहुतेक त्यांच्या गाठीतल्या ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये एक ठराविक बदल झालेला होता म्हणून. तुमच्या आईच्या गाठीत तो बदल आहे की नाही हे सीटी बघून कळत नाही, पेट स्कॅन बघून कळत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली स्लाईड बघूनही कळत नाही, त्यासाठी गाठीचा डीएनएच वाचावा लागतो आणि एनजीएस म्हणून डॉक्टर तुमच्याकडे तेच मागतायत.

ईजीएफआर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन, बाहेरून निरोप आला की पेशीला वाढायला सांगायचं आणि निरोप थांबला की गप्प बसायचं हे त्याचं काम. म्युटेशन म्हणजे तो बदल झाला की शेतातल्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा तसं होतं, कोणी चालू केलेली नाही तरी मोटार आपली चालूच. जेफिटिनिब बरोबर त्या चिकटलेल्या जागी जाऊन ते काम बंद पाडतं. पण जिथे ती जागा चिकटलेलीच नाही आणि गाठ भलत्याच कारणाने वाढतीये तिथे ही गोळी बिचारी काय करणार.

हे कळायला डॉक्टर लोकांनाही वेळ लागला. २००३ मध्ये अमेरिकेत ही गोळी आली तेव्हा केमो फेल झालेल्या पेशंटना सरसकटच देत होते, त्यात दहातल्या एखाद्याची गाठ झपाट्याने विरघळायची आणि बाकीच्यांना काहीच फरक नाही. ज्यांना गुण यायचा त्यांत बायका जास्त, कधी सिगरेट न ओढलेले जास्त, आशियातले जास्त, पण का ते कळेना. २००४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गुण आलेल्या ९ पेशंटच्या गाठी तपासल्या तर ८ जणांत ईजीएफआर बदललेला, आणि गुण न आलेल्या ७ जणांत एकाच्याही गाठीत नाही. त्याच वर्षी बोस्टनच्याच डाना-फार्बरमधून आणि न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधूनही तेच निघालं. मग २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १२१७ पेशंटचा आयपास नावाचा ट्रायल छापून आला, आणि मामांना काही सांगायचंच असेल तर हा सांगा. निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना केमो. ज्यांच्या गाठीत म्युटेशन होतं त्यांच्यात गोळीने शंभरातल्या ७१ जणांची गाठ आकसली, केमोने ४७ जणांची. आणि ज्यांच्या गाठीत म्युटेशन नव्हतं त्यांच्यात केमोने २३-२४ जणांची, आणि गोळीने फक्त एकाची. शंभरात एक. आता हे सगळे पेशंट कोण होते तर ॲडिनोकार्सिनोमावाले, बहुतेक बायका, बहुतेकांनी सिगरेटला हात न लावलेला, म्हणजे अगदी तुमच्या आईसारखेच. त्यामुळे "आईने कधी ओढली नाही, म्हणजे हिलाही तीच गोळी लागू पडेल" हा जो हिशोब सगळे नातेवाईक करतात ना, तो त्या एका ट्रायलमध्येच खोटा ठरलाय.

आपल्याकडे ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशंटमध्ये साधारण चारात एकाला ईजीएफआर म्युटेशन सापडतं, न ओढणाऱ्या बायकांत त्याहून जास्त. म्हणजे आईला चान्स चांगला आहे, खरंच चांगला आहे, म्हणून तर टेस्ट सोडू नका म्हणतेय. पण चान्स चांगला असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं.

आता मामांचं. त्यांच्यावर चिडू नका, बहिणीचा श्वास कोंडताना बघून माणसाला हातावर हात ठेवून बसवत नाही, आणि गावाकडे टेस्टच्या नावाखाली लुबाडलेली घरंही आपण सगळ्यांनी पाहिलीयत. पण इथे टेस्टच औषध ठरवते. रिपोर्टमध्ये ईजीएफआर आलं तर एक रस्ता, एएलके नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये बदल आला तर पूर्ण वेगळी गोळी, काहीच नाही आलं तर केमो आणि इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) विचार. एएलकेचं तर सांगते, हा बदल शंभरात तीन ते पाच जणांतच सापडतो, २००७ मध्ये जपानमध्ये शोधला गेला, पण ज्यांच्यात सापडतो त्यांचं आयुष्य योग्य गोळीने कितीतरी वाढतं. लोरलॅटिनिब नावाच्या गोळीच्या ट्रायलमध्ये पाच वर्षांनंतरही शंभरातल्या ६० जणांचा आजार पुढे सरकलेला नव्हता, आणि हे चौथ्या स्टेजचे पेशंट होते. ही गोष्ट तीस हजार वाचवायला म्हणून न तपासता सोडून द्यायची?

आणि एक धोका मामांना नक्की सांगा. घाईघाईत कोणी केमोबरोबर इम्युनोथेरपीचं महागडं सलाईन सुरू केलं आणि मग दोन आठवड्यांनी रिपोर्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं तर पंचाईत होते. एक तर ईजीएफआरवाल्या गाठींवर इम्युनोथेरपी फारशी चालत नाही, आणि तिच्या पाठोपाठ लगेच ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची नवी गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो, ही सूज कधीकधी जिवावर बेतते. गेलेले पैसे परत येत नाहीत ते वेगळंच. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी थांबा म्हटलंय तर ते वेळ काढत नाहीयेत, उलट मला ते डॉक्टर भले वाटले.

थांबायचं म्हणजे आईला तशीच ठेवायची असं मात्र नाही. पाणी परत भरलं तर काढायचं, दुखत असेल तर दुखण्याचं औषध पूर्ण डोसमध्ये, खाणं कमी झालं असेल तर डाएटवाल्यांना भेटायचं, पेट बरोबर मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर तो याच दिवसांत उरकून घ्यायचा कारण ईजीएफआर आणि एएलकेवाला आजार मेंदूत जायची सवय ठेवून असतो. आणि दम फारच वाढला, ऑक्सिजन खाली जायला लागला, तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, अशा वेळी डॉक्टर इम्युनोथेरपी न घालता नुसत्या केमोचा पहिला डोस देतात आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलतात. हे त्यांना आत्ताच विचारून ठेवा, की कधी थांबायचं नाही ते.

केमो वाईट असा अर्थ पण काढू नका. आपल्या टाटा मेमोरियलनेच ३५० पेशंटवर केलेला ट्रायल २०२० मध्ये छापून आला, ईजीएफआर म्युटेशन असलेल्यांना नुसतं जेफिटिनिब दिलं तर आजार साधारण ८ महिने थोपून राहिला, जेफिटिनिबबरोबर केमो दिलं तर १६ महिने. त्रासही जास्त झाला, ते लपवून चालणार नाही, पण दुप्पट वेळ मिळाला आणि तोही परवडणाऱ्या औषधांत. म्हणजे कदाचित मामांची केमो आणि त्या बाईंची गोळी दोन्ही आईला मिळतील, पण ते ठरवणार रिपोर्ट.

आता सॅम्पलचं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं रोजचं काम हेच आहे आणि इथे पेशंटचं नुकसान होताना मी बघते.

सुईने काढलेली बायोप्सी म्हणजे दोऱ्यासारखे एक-दोन तुकडे, जेमतेम सेंटीमीटरभर. ते फॉर्मॅलिनमध्ये येतात, मग मेणात घट्ट बसवून त्यांचा ब्लॉक करतात, नंबर टाकलेल्या प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवर बसलेली पांढरी वडी, त्यात मधोमध तो फिकट तुकडा दिसतो. हा ब्लॉक बर्फावर गार करून मशीनवर त्याचे काप काढतात, एक काप चार-पाच मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही, कापांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगते आणि ती अलगद काचेवर उचलायची. पहिल्या काचेला रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात आणि पेनने काचेवर गोल काढतात, की गाठीच्या पेशी इथे आहेत. मग बिनरंगाच्या काचा त्या खुणेवर धरून तेवढाच भाग ब्लेडने खरवडून छोट्या ट्यूबमध्ये घेतात आणि त्यातून डीएनए काढतात. त्या गोलात शंभरातल्या निदान वीस पेशी गाठीच्या असाव्यात अशी बहुतेक एनजीएसची अट असते. बाकीच्या पेशी आईच्या स्वतःच्या चांगल्या पेशी, त्यांच्यात म्युटेशन नसतं, त्या जास्त झाल्या की गाठीचा आवाज त्यांच्यात दबून जातो.

म्हणजे बघा, ब्लॉकमधला प्रत्येक काप खर्च होतो. कॅन्सर आहे का, कुठला आहे, फुफ्फुसाचाच आहे का, हे ठरवायला आधीच बरेच काप वापरलेले असतात. काही ठिकाणी खात्रीसाठी दहा-दहा रंग लावतात, खरं तर फुफ्फुसाच्या बायोप्सीत टीटीएफ-१ आणि पी४० या दोन रंगांवर बहुतेक वेळा भागतं, आणि उरलेलं टिश्यू जीनच्या टेस्टसाठी राखून ठेवता येतं. त्यामुळे "सॅम्पल कमी पडतंय" असा फोन येणं नेहमीचं आहे, त्यात तुमचा दोष नाही आणि लॅब फसवतेय असंही लगेच समजू नका. पण परत सुई टोचायला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा.

जिथे बायोप्सी वाचली त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन विचारा की आईच्या नावाचे एकूण ब्लॉक किती. पुष्कळदा दोन असतात आणि एकच पाठवलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी, आणि पत्र वाचताना मी इथेच थांबले होते. छातीतलं पाणी दोनदा काढलं म्हणता, ते पॅथॉलॉजीला गेलं का? आजारामुळे भरलेल्या पाण्यात गाठीच्या पेशी तरंगत असतात, ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेल्या पेशींचा बायोप्सीसारखाच मेणाचा ब्लॉक करता येतो, त्याला सेल ब्लॉक म्हणतात, आणि त्यावर ईजीएफआर, एएलके, अख्खं एनजीएस सगळं करता येतं. पण होतं काय, पाणी काढलं, पेशंटला बरं वाटलं, बॅग भरली आणि फेकली. एखादा लिटर पाणी, ज्यात आईच्या आजाराची सगळी माहिती होती, ते गेलं. आता परत पाणी काढायची वेळ आली तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगा की हे सेल ब्लॉकसाठी पाठवायचंय, सिस्टरना पण सांगा, आणि जास्तीत जास्त पाणी द्या, सिरिंजभर नको.

तिसरी गोष्ट रक्ताची टेस्ट, लिक्विड बायोप्सी. चौथ्या स्टेजमध्ये गाठीचा थोडा डीएनए रक्तात उतरतो आणि तो वाचता येतो. त्यासाठी खास ट्यूब लागते, साध्या ट्यूबमध्ये घेऊन कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि टेस्ट वाया जाते, म्हणून कलेक्शनला येणाऱ्या मुलाला ट्यूब कुठली ते विचाराच. रक्तात ईजीएफआर सापडलं तर त्यावर विश्वास ठेवून औषध सुरू करता येतं. पण रक्तात सापडलं नाही म्हणजे गाठीत नाहीच असं होत नाही, चारात एकदा तरी ते रक्तात निसटतं, मग टिश्यूकडेच परत यावं लागतं.

या तिन्हीतून काही निघालं नाही तर परत बायोप्सी करा, आणि घाबरू नका. सुई लावली की कॅन्सर पसरतो हे आपल्याकडे घराघरात बोललं जातं, पण फुफ्फुसाच्या आजारात सुईमुळे पसरण्याची भीती नगण्य आहे, खरा धोका आहे तो फुफ्फुसाभोवती हवा भरण्याचा, त्यावर लक्ष ठेवतात आणि वेळ आली तर नळी घालतात. त्या वेळी एवढं बघा की तुकडे जास्त घेतले जातील, ते सलाईनमध्ये पडून न राहता लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातील, आणि फॉर्मॅलिनमध्येही शनिवार-रविवार धरून चार-पाच दिवस पडून राहणार नाहीत, सहा तास ते दोन दिवस एवढं पुरे. जास्त वेळ राहिलं की डीएनएचे तुकडे तुकडे होतात. हाडाची बायोप्सी करायची ठरली तर आधीच सांगा की जीनची टेस्ट करायचीये, कारण हाड मऊ करायला वापरतात ते ॲसिड डीएनए खाऊन टाकतं.

ब्लॉक एका लॅबमधून दुसरीकडे न्यायचा असेल तर अर्ज लिहून द्या, पावती घ्या, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. छोट्या डबीत घालून न्या आणि सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, मऊ पडतं. टेस्ट झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या, वर्ष-दीड वर्षाने औषध चालेनासं झालं तर तो परत लागू शकतो.

तीस हजारांचं. माझं मत असं की पैसे उभे राहत असतील तर एनजीएसच करा, कारण तुमच्याकडे टिश्यूच कमी आहे आणि एकेक जीन वेगळा तपासत बसलात तर दुसऱ्या-तिसऱ्या टेस्टलाच ब्लॉक संपेल. एनजीएसमध्ये एकाच डीएनएवर बरेच जीन एकदम वाचले जातात. पॅनलमध्ये (एकदम तपासायच्या जीनच्या यादीत) आरएनए, म्हणजे डीएनएवरून पेशीत निघणारी नक्कल, पण तपासतात का हे विचारा, एएलके, आरओएस१, आरईटी हे जीन तुटून दुसऱ्याला जोडले जातात ते आरएनएमध्ये नीट दिसतं. पाचशे जीनचा पॅनल घेऊ नका, कोणी गळ घातली तरी, फुफ्फुसाला औषध ठरवायला पन्नासेक जीनचा पुरतो. आणि पैसे खरोखरच नसतील तर डॉक्टरांना सांगा की आधी ईजीएफआरची साधी पीसीआर आणि एएलकेचा स्लाईडवरचा रंग एवढं करूया, हे चार-पाच दिवसांत होतं आणि कितीतरी स्वस्तात, त्यातच उत्तर मिळालं तर पुढचा खर्च वाचला. नाही मिळालं तरच पुढे जायचं. काही औषध कंपन्या डॉक्टरांमार्फत या टेस्ट स्पॉन्सर करतात, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधीक्षकांना आणि महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून कुठली केमो आणि कुठली गोळी योजनेत बसते ते लिहून घ्या. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर गरीब पेशंटसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, ते हक्काने मागा. जेनेरिक जेफिटिनिब आता महिन्याला काही हजारांत मिळतं. ऑसिमर्टिनिब कितीतरी महाग, २०२४ च्या बजेटमध्ये त्याच्यावरची कस्टम ड्युटी काढली तरी, त्या गोळीच्या ट्रायलमध्ये तिच्यावर पेशंट सरासरी ३८-३९ महिने जगले आणि जुन्या गोळ्यांवर ३२ च्या आसपास, म्हणजे फरक आहे पण त्या फरकासाठी शेत विकायचं का हा निर्णय घरात बसून शांतपणे घ्या, आणि नाही विकलं म्हणून स्वतःला कधीही दोष देऊ नका.

रिपोर्ट आला की नुसतं "ईजीएफआर पॉझिटिव्ह" एवढ्यावर खूश होऊ नका. एक्झॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर लिहिलं असेल तर उत्तम, दहातल्या आठ-नऊ जणांत हेच असतं आणि गोळी चालते. एक्झॉन २० इन्सर्शन लिहिलं असेल तर तोही ईजीएफआरच, पण त्याला साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, आणि घाईत असलेल्या माणसाची नजर नेमकी इथेच चुकते. "नॉट डिटेक्टेड" म्हणजे शोधलं आणि नाही सापडलं, "फेल्ड" किंवा "इनसफिशियंट" म्हणजे शोधताच आलं नाही, ते निगेटिव्ह समजू नका. खाली व्हीयूएस म्हणून एक लांब यादी असते, ज्या बदलांचा अर्थ लागलेला नाही ते सगळे तिथे टाकतात, ती वाचून इंटरनेटवर शोधत बसू नका, त्यावर उपचार ठरत नाहीत. पीडी-एल१ हा आकडा जीनचा नाही, तो इम्युनोथेरपीसाठी असतो, आणि तो ८० टक्के आला तरी ईजीएफआर किंवा एएलके असेल तर आधी गोळीच.

बहिणीला माझ्यातर्फे सांगा, पोरी, निर्धास्त राहा. आईच्या गाठीतलं ईजीएफआर किंवा एएलकेचं म्युटेशन त्या फुफ्फुसातल्या एका पेशीत आयुष्यात केव्हातरी झालेलं असतं, ते आईच्या पोटातून तुमच्यात आलेलं नसतं आणि तुमच्यातून पुढे जाणार नाही, याला अपवाद इतके क्वचित आहेत की त्यावर झोप घालवायची गरज नाही. स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जीन घराण्यात चालत येऊ शकतो, म्हणून तिथे लेकींचं रक्त तपासायचा सल्ला देतात, त्या बातम्या वाचून सगळ्यांना वाटतं जीन म्हटलं की घराणं. फुफ्फुसाचं तसं नाही. चुकून आईच्या रिपोर्टमध्ये बीआरसीएसारखं काही आलंच तर डॉक्टर वेगळी रक्ताची टेस्ट आणि जेनेटिक काउन्सेलरची भेट सांगतील, तेव्हा बघू. आणि रिपोर्ट आईचा आहे, तो गोपनीय असतो, सोयरिकीत कोणाला दाखवायचा प्रश्नच येत नाही. सासरच्यांनी आईच्या तब्येतीचं विचारलं तर आई आजारी आहे, उपचार चालू आहेत, एवढं खरं सांगायला काहीच हरकत नाही.

राहिली आई. टेस्टच्या फॉर्मवर तिची सही लागते, आणि "पाण्याची तपासणी आहे" असं म्हणून ती सही घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिला एकदम सगळं सांगा असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघं भावंडं आणि डॉक्टर मिळून तिला आधी विचारा की तुला किती ऐकायचंय. बऱ्याच बायका म्हणतात मला माहितीये रे, तुम्हीच बोलत नव्हता. तीन महिने टीबीच्या गोळ्या खाऊन वजन उतरलेलं तिने स्वतः बघितलंय, तिला काही कळत नसेल असं समजू नका. आणि व्यवहाराचं म्हणाल तर गोळी सुरू झाली की चेहऱ्यावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडेला जखमा, नव्याने वाढलेला दम, हे सगळं तिने त्याच दिवशी सांगायला हवं, ॲसिडिटीची गोळी मनाने घेऊन चालणार नाही कारण जेफिटिनिब त्याने नीट शोषलं जात नाही, आणि कशासाठी काय घेतोय हे माहीत नसलेला माणूस हे पाळू शकत नाही. चुलीमुळे झालं का, मिश्रीमुळे झालं का, असं ती विचारेल. लाकडाच्या धुराने धोका वाढू शकतो, मिश्री म्हणजे तंबाखूच, ती लावत असेल तर बंद करा, पण हे तिने ओढवून घेतलं असं कोणी एका शब्दानेही बोलू नये.

उद्या सकाळी पहिला फोन पॅथॉलॉजीला, ब्लॉक किती आणि पाण्याचा सेल ब्लॉक केला होता का. दुसरा फोन डॉक्टरांना. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांशी बोलूनही काही अडलं तर मला पाठवा, पण मोबाईलने काढलेला पहिल्या पानाचा फोटो नको, पूर्ण पीडीएफ पाठवा, गाठीच्या पेशी किती टक्के होत्या हे मागच्या पानांवर लिहिलेलं असतं आणि मला आधी तेच बघायचंय.